चाकाच्या नटांचा उपास

हसू नका, पण मी एकदा गाडीच्या बोल्टसाठी नवस बोलले होते. लेकीला बाळंतपणासाठी रोह्याहून पेणला आणायचं होतं आणि आमच्या गाडीच्या सायलेन्सरचा बोल्ट गंजून अडकून बसलेला. म्हटलं, "महादेवा, हा निघू दे, पाच सोमवार निर्जळी करीन."

रोह्याच्या अलीकडं, पुलाआधी अष्टमी गाव आहे, तिथल्या मुनाफभाई मेकॅनिकनी तो तापवून काढला. नव्या बोल्टला चंदेरी लेप लावत म्हणाले, "भाभी, आपल्याकडं खाडीची खारी हवा, वर सायलेन्सरची धग. हा लावला की पुढच्या वेळी बोल्ट सुखानं सुटेल."

मला तो लेप अंगाऱ्यासारखाच वाटला. डबी घरी आणली. दसऱ्याला ह्यांनी धुवायला चाकं काढली, तेव्हा चाकांच्या बोल्टांनाही मी तो भक्तिभावानं फासला.

मग लेकीला नि तान्ह्या नातीला सासरी पोचवताना मुनाफभाईंना नवसाच्या निर्जळी सोमवारांचं सांगून प्रसाद द्यायला थांबलो. त्यांची नजर गेली चाकावर.

"हे कोणी लावलं?"

"मी. एकालाच का, म्हटलं सगळ्यांना."

"आधी बाळाला खाली घ्या, भाभी! लेपानं नट हलका फिरतो, माणूस जादा आवळतो, मग बोल्ट ताणून तुटतो. चाकाच्या नटांना तुमच्या सोमवारासारखा उपास. एकदम निर्जळी!"

त्यांनी एकेक बोल्ट पुसून कोरडा केला, नट मापात आवळले, मगच प्रसाद तोंडात टाकला. नात झोपेतच पूल ओलांडून रोह्याला आपल्या घरी पोचली.

त्या पाच सोमवारांत मी सहावा मिळवला, मुनाफभाईंच्या नावानं. तुमचीही गाडी कोणीतरी जिवाभावानं बघत असेल. त्याच्यासाठी एक सोमवार तुम्हीपण धरा गो.