नाव घालायच्या आधी

बाळाला घेऊन मी दवाखान्यात नंबर लावून बसले होते. शेजारच्या कॉम्प्युटर क्लासच्या दारात कबनूरचे एक यंत्रमागवाले आणि त्यांची लेक बोलत होते.

“शमशाद, नाव घालायच्या आधी सांग, आत शिकवत्यात काय?”

“सॉफ्टवेअर, अब्बा. म्हंजे मशिनला द्यायच्या सूचना. एका सॉफ्टवेअरवर मशिन चालतंय. दुसऱ्यावर पत्रं लिहायची, तिसऱ्यावर पगारपत्रक करायचं.”

“सगळं तेच करतंय, मग तुझं काय काम?”

“त्या सूचना कुणीतरी लिहायला लागत्यात की. त्या मी लिहिणार.”

“बरं. आत पोरी किती हायत?”

“आत धूळ चालत न्हाय, चपला दारातच काढत्यात. मोजा की.”

“पोरींचे दोनच जोड दिसत्यात.”

“माझा धरून तीन.”

“मग उभी का? काढ.”