गच्चीची कडी

टक्. टक्. टक्. — एवढंच. तीनदा. चौथी थाप कधीच नाही. सात वर्षांच्या मुलीची बोटं ती, जाड लाकडी दारावर त्यांचा आवाज तो किती होणार? पस्तीस वर्षं झाली, बाळ. मगाशी सिस्टरनं त्या दारावर बोट वाजवलं आणि माझा हात वर गेला, कडी काढायला — तू बघितलंस म्हणून विचारलंस ना, काय झालं आजोबा? हे झालं. हेच होतं मला.

सांगतो. तुझ्या तोंडून ‘उगी गं, उगी’ ऐकलं म्हणून सांगतो. इन्नंबूरची ना तू? मला वाटलंच. आता आपली मराठी घराबाहेर ऐकायला मिळते कुठं? रस्त्यावर तमिळ, दुकानात तमिळ, आपल्यातली पोरंसुद्धा तमिळच बोलतात. एक बरं आहे, इथं बसून आपण काहीही बोललो तरी या सगळ्यांना एक अक्षर कळायचं नाही.

किती महिन्यांची झाली लेक? पाच? पदर जरा ओढ तिच्या पायावर — खिडकीतून ऊन येतंय. हो, असंच. माझी कामाक्षी अगदी अशीच जन्मली. केस पांढरे, पापण्या पांढऱ्या, कातडी सायीसारखी. तिरुक्करुगावूरच्या देवीला नवस बोललो होतो, लग्नानंतर सहा वर्षांनी झालेली. तूही गेली होतीस तिथं? मग तुला काय सांगायचं.

आत आहे ती, अंधाऱ्या खोलीत. इथून दोन दारं पलीकडे. तीन तास बसायचं असतं. कपाळावर आणि कानाच्या पाळ्यांवर डाग आलेत — खवल्यासारखे, हात लावला तर खरखरीत. डॉक्टरीण म्हणाली, कॅन्सर नाही अजून, पण सोडले तर त्या वाटेनं जातील. मग सकाळी ते डाग हलके खरवडले, मलम लावलं, वरून पट्टी. ते मलम म्हणे बिघडलेल्या कातडीतच जास्त मुरतं, आणि मग लाल दिवा धरला की तेवढी कातडी मरते, चांगली राहते. उन्हानं बिघडवलेलं उजेडानंच नीट करायचं — मला काय कळतंय, मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस, पानमळ्यात जन्म गेला. पण आग होते, हे मला कळलं. गेल्या वेळी एक मोठा बाप्या आत ओरडत होता — आम्ही दोघांनी ऐकलं, इथंच बसून. तेव्हा कामाक्षी म्हणाली, अप्पा, दिवा लावतील तेव्हा माझा हात धरा. बेचाळीस वर्षांची बाई, चाळीस पोरांना गाणं शिकवते, शिष्य चळाचळा कापतात तिला — आणि म्हणते, हात धरा. हा बघ, मलाही चष्मा दिलाय काळा, आत बसायला.

किती वाजले? अजून दहा मिनिटं.

डॉक्टरणीनं पहिल्या दिवशी विचारलं, लहानपणी उन्हात फार असायची का हो? मी म्हटलं, नाही. घरातच असायची. — पटकन म्हटलं, बघ. मी एवढ्या पटकन कधी बोलत नाही. कामाक्षीनं माझ्याकडं तोंड वळवलं. डोळे अधू तिचे, समोरचा माणूस धूसर दिसतो, पण कान! स्वयंपाकघरात दूध उतू जायच्या आधी तिला ओसरीवर कळतं. बाहेर आल्यावर म्हणाली, अप्पा, आत्याला कशाला झाकता? मेली ना ती आता.

हं. आत्या. माझी बहीण, गोमती अक्का.

पोरीला रस्त्यात ‘वेळ्ळैक्कारी’ म्हणायचे — गोरी मडम. शाळेत वेणी ओढून बघायचे, खरी आहे का. उद्या हिला कोण करून घेणार, हा घोर मला. तेव्हा अक्का म्हणाली, नरसिंह, सकाळच्या कोवळ्या उन्हात तेल लावून थोडा वेळ बसव, रंग धरेल. आमच्यात तसं म्हणायचे तेव्हा — तुमच्याकडंही म्हणतात? कोण, सासू? तूही बसवतेस? — थांब, उठू नकोस, मी रागवत नाही. ऐक आधी पुढचं.

अक्का म्हणाली होती कोवळं ऊन. थोडा वेळ. मला वाटलं, थोड्यानं एवढं तर जास्तीनं जास्त. मळ्यातून यायचो दहाला. गच्चीवर न्यायचो पोरीला, तिळाचं तेल चोळायचो — कपाळ, कान, मान. तासभर. दोन उन्हाळे. अगं, पानवेलीला ऊन लागू नये म्हणून हदग्याची झाडं लावून सावली करणारा मी — एक पान करपलं तर जेवण जात नसे मला. पहिल्या आठवड्यात ती पळून खाली यायची. मग… मग ‘मळ्यात जाऊन येतो’ म्हणायचं, आणि दाराला कडी.

अक्कानं नाही लावली. अक्का स्वयंपाकघरात असायची, तिला वाटायचं मी वर पोरीजवळ बसलोय. कडी मी लावली. मी. आणि जिन्यात सगळ्यात वरच्या पायरीवर बसायचो, दाराला पाठ लावून. टक् टक् टक् — माझ्या पाठीत वाजायचं ते. रडायची नाही. हाक नाही. मी मनात म्हणायचो, अजून थोडं, अजून थोडं, लग्नाला बरं. मग पायातल्या चपला काढून, आवाज न करता, चार पायऱ्या खाली जायचो आणि धावत वर यायचो, मळ्यातून आत्ताच आल्यासारखा — आणि दार उघडायचो. गळ्याला मिठी मारायची. अंग भाजत असायचं तिचं. अप्पा, आत्यानं कडी लावली. आणि मी — मी म्हणायचो, थांब, रागावतो मी तिला.

असं म्हणायचो मी.

अक्कानं एकदा ऐकलं, जिन्याखालून. माझ्याकडं बघितलं आणि डाळ वाटायला गेली. मरेपर्यंत कोणाला बोलली नाही. पट्टीश्वरमला राहायला गेली ती पुढं, तिथून कामाक्षीला एक छत्री पाठवली, काळी, आतून जाड अस्तर शिवलेली, स्वतः शिवलेली — कामाक्षीनं गाठोडंसुद्धा सोडलं नाही. चार वर्षांमागं अक्का गेली. मी म्हटलं, चल. ती म्हणाली, त्या दारावर मी कितीदा बोटं वाजवली अप्पा, मी नाही येत. मी एकटा गेलो. वाटेत ठरवलं होतं, परत आल्यावर सांगायचं. आलो तर ती म्हणाली, दमलात, जेवून घ्या. वाढलं मला. मी जेवलो.

आज सांगेन. दिवा झाल्यावर सांगेन. नाही — दिव्याच्या आधी सांगितलं तर हात कोणाचा धरेल ती? म्हणून नंतर. घरी गेल्यावर. तुला वाटतं मी घाबरतो? घाबरतोच. दुसरं कोण आहे मला? हिची आई, वत्सला, गेली, ही एकच — तू लेकीला उन्हात बसवू नकोस, बाळ, सासूला माझं नाव सांग, काहीही सांग —

काय झालं? माझ्या मागं काय बघतेस? तो पडदा ना, पंख्यानं हलतो, मघापासून हलतोय…

कामाक्षी.

तू — सिस्टर, हिला इथं कधी आणलंत? तिकडं आत होती ना ही? … आतला पंखा बंद पडला म्हणून. अर्धा तास. अर्धा तास इथं, पडद्यामागं.

कामाक्षी, उठू नको घाईनं, पट्टी सरकेल. हे बघ, माझा चष्मा आहे, मी येतोय आत, तू म्हणाली होतीस — मला येऊ दे, मी काही बोलणार नाही, नुसता बसतो. नको? हात नको धरू, बरं. बाहीला तरी धर. अगं, त्या खोलीच्या तोंडाशी पायरी आहे, तुला दिसायची नाही, दर वेळी मीच — सिस्टर, धरा तिला — कामाक्षी, पायरी आहे तिथं, पायरी —