काजळीसाठी शिट्टी

दातांच्या दवाखान्यात माझा नंबर यायला वेळ होता. पुस्तक उघडं होतं, पान उलटत नव्हतं. एक आजोबा नवी कवळी घालून आतून आले आणि बायकोशेजारी बसले.

“झाला का वो सेट?”

“दातांचा झाला. जीभ अजून सेट व्हायची हाय.”

“आरशात बघा की. केसबी जरा सेट करा.”

“केस कुठं ऱ्हायल्यात, बायडे? परवा दिवाळीचा पाडवा, म्हशी पळवायच्या. शिट्टी मारल्याबिगर काजळी गाडीमागं पळायची न्हाय.”

“दात गेल्यापास्नं कितीबी हाळ्या मारा, म्हस वळून बघत न्हाय तुमच्याकडं.”

“पोरगं म्हणतंय, मोबाईलवर शिट्टी सेट करून देतो.”

“मग घ्या की.”

“मोबाईल काय तिचा मालक हाय?”

“व्हय बाबा! पोरगं पुण्यात सेट झालं, आणि तुमी गोठ्यात.”

“गप. सूनबाई दिवाळीला आलीया न्हवं, तिला लाव फोन, स्पीकरवर. काजळीच्या कानाला धर म्हणावं.”

“क्रांती, धरलास का?”

“धरलाय आत्याबाई. मामांना म्हणावं, मारा.”

“फुस्स…”

“नुसतं वारंच गेलं की वो!”

“थांब. जीभ मागं घेतो.”

मग अशी शिट्टी घुमली, की आतून डॉक्टर धावत बाहेर आले. फोनमधून म्हैस रेकली.

“मामा! दावं तोडलं तिनं! रस्त्याला लागली!”

“अडवू नगंस. तिला म्हणावं, आलोच!”