चंद्रीची एकादस

ये गो, अशी जवळ ये, दारात कसली उभी राहतेस पाहुण्यासारखी? मागच्या खेपेला चहा न घेता पळालीस, ते विसरले नाही हां मी. बस. गाढव काय माणसाला खात नाही.

मी मूळची बेळगावकडची. लग्न होऊन इथे गोव्यात, मयेला आले ती सासऱ्यांच्या गाढवांमागोमाग. डोंगरउतारावर घर बांधायचं तर ट्रक चढायचा नाही, मग चिरे, रेती सगळं आमच्या गाढवांच्या पाठीवर. ही जात बुटकी बघ, माझ्या कमरेला लागते, राखाडी अंग, पाठीवरून काळी रेघ नि खांद्यांवर आडवी दुसरी. वाळक्या गवतावर जगणारा जीव. आता रस्ते झाले, काम गेलं, उरली दोन, चंद्री नि बाळ्या.

आणि इथल्या तळ्यावर फिरायला येणारी माणसं, काय सांगू तुला, चंद्रीला बिस्किटं काय, केक काय! मलाही मेलं कौतुक, सकाळी पाववाला पोदेर आला की एक उंडा पाव तिच्यासाठी जास्त. अशी फुगली की मानेवरची चरबी आयाळीसकट एका बाजूला कलंडली. शेजारची कुसूम म्हणाली, काय गो, गाढवीण बाळंत व्हायची की काय तुझी? मला ते लागलं. मी म्हटलं, मी एकादस करते, मला काय होतं? हिलाही करू दे. ही बाळ्याचं गवत खाईल म्हणून त्याला तळ्यापलीकडे भाच्याकडे नेऊन बांधला नि हिच्यापुढे नुसतं पाणी. आमचे हे म्हणाले, अगो, मुक्या जिवाला कसली एकादस? मी म्हटलं, तुम्ही गप्प बसा, तुम्हाला तर साबुदाण्यावरही भात लागतो.

द्वादस आली, तरी मी आणखी एक दिवस ताणला. तिसऱ्या दिवशी गवत टाकलं तर तोंड लावीना. मान खाली, कान आडवे. मला वाटलं रुसली. गाढवाचं हेच वाईट, दुखलं तरी ओरडत नाही, लोळत नाही, नुसतं उभं राहतं, आणि आपण म्हणतो हट्टी आहे.

डिचोलीहून गुरांचा डॉक्टर आला. रक्त काढून बाटलीत ठेवलं, तर थोड्या वेळानं वर दुधासारखं पांढरं. म्हणाला, आजी, बुटक्या गाढवाला उपाशी ठेवलं की अंगातली चरबी सुटून रक्तात उतरते. खाणं हळूहळू कमी करायचं, तोडायचं नाही. नाकातून नळी घालून औषधपाणी सोडलं नि म्हणाला, आता हिनं आपणहून खाल्लं तरच आशा. एकटं गाढव झुरतं, हिचा जोडीदार कुठाय? मी तळ्यापलीकडे बोट दाखवलं. हे तसेच अनवाणी त्याला आणायला धावले.

तळ्याला वळसा म्हणजे किती वेळ तो! मी गवत धरलं, बांबूचा पाला धरला, केळीची साल धरली, बाय माझी म्हणून विनवलं. बघेना गो माझ्याकडे. आणि बांधावरून बाळ्या ओरडला तशी तिचा एक कान उभा राहिला. तो आला, तिला खेटून उभा राहिला, खायला लागला आपला. तिनं एक काडी उचलली. चावेना, नुसती ओठात. मी, हे, डॉक्टर, कुणी हलेना. मग दाढा हलल्या.

ती बघ, मान अजून कलंडलेलीच, ती चरबी आता जायची नाही म्हणतात. रोज दिसते मला. एकादस मी अजून करते, पण तिला आधी गवत टाकून.

जा आता, काळोख व्हायच्या आत पोच, देव बरं करो. आणि लवकर ये. पाव-बिस्किटं काही आणू नकोस हां, बसायला वेळ तेवढा आण.