पाण्याचा हात

माझं म्हायेर पलूसकडचं, घरात ऊस, खाऊन-पिऊन सुखी. नर्सिंगला जाते म्हणल्यावर चुलतं म्हणालं, परक्यांची घाण काढाय पोर पाठवायची व्हय, पर वडलांनी कुणाचं आयकलं न्हाई, मला सांगलीला आणून घातली, तवापास्नं हितंच हाय. दवाखान्याचं नाव तेवढं लिवू नका. काय सांगू तुमाला, लय माणसं मरताना बघितली मी, आन त्यातली कैक मरायची नव्हती.

सत्तर सालाच्या पुढची गोष्ट आसंल. श्वास द्यायची रबरी पिशवी नवी आली व्हती, तोंडावर मास्क धरायचा आन पिशवी दाबायची, मंग वारं छातीत जातंय. नवी वस्तू म्हणून दसऱ्याला तिला हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली आन काचंच्या कपाटात ठेवली ती ठेवलीच. हात कोण लावतंय? पोरींना वाटायचं, आपण धरली आन माणूस गेलं तर आपल्याच हातनं गेलं म्हणत्याल. मंग मेट्रनबाई मला म्हणाल्या, तुमी शिकवा ह्यास्नी. मी पिशवी भाईर काढली, कुंकू पुसलं, आन एकेकीच्या गालावर वारं सोडून दावलं, ह्ये बघ, वारंच हाय, भ्यायचं काय त्यात. हनुवटी कशी उचलायची, मास्क कसा दाबून धरायचा, समदं घोटून घेतलं. हात बसला पोरींचा.

पर खरी अडचण पिशवीची नव्हतीच. आपल्याकडं कसं हाय, माणूस जाया लागलं की घरची माणसं तोंडात पाणी घालत्यात, तहानलेलं जाऊ नये म्हणून. ते पाणी जातंय श्वासाच्या नळीत, आन वरनं पिशवी दाबली की समदं छातीत. म्हणून मी सांगायची, पिशवी मागनं, आदी पाण्याचा हात धरा. पोरी माना डोलवायच्या, आन वॉर्डात एखादी म्हातारी पेला घिऊन आली की बाजूला सरकायच्या. त्यांच्या बी घरात तीच रीत, मरणाऱ्याचं पाणी आडवून शाप कोण घेणार?

सिद्धव्वा त्यातलीच. जतकडची, धनगराची पोर, घरात कानडी, दुष्काळात शिकाय भाईर पडल्याली. मोठ्या माणसाम्होरं नजर वर करायची न्हाई. हात मातुर लय चांगला, मास्क धरावा तर तिनं. मी म्हणायची, अगं जरा तोंड उघडून बोल की माणसांस्नी. ती म्हणायची, व्हय बाई. संपलं.

मंग आमचं मालक. मिल्ट्रीतनं पेन्शनीवर आल्यालं, वैरण कापताना छातीत कळ आली, कारखान्याच्या जीपमधनं आणलं, संगं सासूबाई. मी ड्युटीवरच. आक्शिजन लावला, डॉक्टर ऑपरेशनात, त्यास्नी बोलवाय माणूस गेलं, आन हिकडं बघता बघता ह्यांचा श्वास थांबाय आला. सासूबाईंनी माझ्या हातात पेला दिला, म्हणाल्या, पोरी, पाज त्याला, बायकोच्या हातचं जाऊ दे. आन मी घेतला. आवं, मीच! घसा फोडून शिकवणारी मी, पर त्या घटकंला मी नर्स नव्हतेच, त्यांची बायको व्हते. पेला ओठाला लागणार तेवढ्यात सिद्धव्वानं माझं मनगट धरलं. बेड बाई, बेड, म्हणाली, म्हंजे नको, भ्याली की ती कानडीच बोलायची. मी म्हणलं, सोड. सोडंना. कोपरानं मला मागं सारलं, मास्क लावला आन पिशवी दाबाया लागली. डॉक्टर येईस्तवर दाबली, ते आल्यावर बी दाबली, त्यांनी पुरे म्हणलं तवा थांबली.

गेलं. पाण्याचा थेंब न घेता गेलं.

सासूबाईंनी तवापास्नं माझ्या हातचं पाणी घेतलं न्हाई. बोलत्यात, मी वाढल्यालं जेवत्यात, पर पाण्याला सोता उठत्यात, गुडघं धरून. त्यांचा राग येत न्हाई मला. सिद्धव्वाचा येतो, आन मंग माझीच मला लाज वाटती, कारण तिनं बरोबरच केलं, मी शिकवलं तसंच केलं.

दिवसकार्य उरकून कामावर आले तर पोर दारात उभी, डोळं सुजल्यालं, म्हणती, बाई, मी नोकरी सोडून गावाकडं जाते. मी म्हणलं, गप बस. उद्यापास्नं पाण्याचं तू शिकव, माझ्या तोंडनं आता ते निघायचं न्हाई. आता तीच शिकवती. नुस्तं सांगून भागत न्हाई, करून दावाय लागतंय, म्हणती. मंग एक पोर खाटंवर निजती, आन पाणी पाजणारी बाई मी व्हते. तिनं सांगितलं नव्हतं, माझी मीच उठले. पेला घिऊन मी खाटंकडं जाते, आन नवी पोर माझं मनगट धरती, कुणी लाजत, कुणी घट्ट. घट्ट धरलं की मी म्हणते, शाब्बास बाळ, अशीच धर, देव तुझं भलं करू. आन खरं सांगू का, दर खेपंला मनात येतंय, आज कुणी धरू नये.