तबला नको म्हणे

एटोबिकोच्या बसमध्ये नीलिमाच्या पुढच्या सीटवर दोघं चक्क मराठीत बोलत होती. म्हाताऱ्या गृहस्थांनी अंगातला जाड कोट काढून मांडीवरच्या तबल्याला गुंडाळला होता आणि स्वतः नुसत्या स्वेटरवर कुडकुडत होते. नीलिमाने कानातली गाणी बंद केली.

“शांतवनकाका, कोट घाला हो! मायनस वीस आहे बाहेर.”

“मी गारठलो तर चहा आहे, रूथ. ह्याचं कातडं तडकलं तर इथे कोण बदलून देणार?”

“चर्चची कमिटी काय म्हणाली?”

“गिटार चालेल, ड्रम्स चालतील, तबला नको. देवळात आल्यासारखं वाटतं म्हणे.”

“माझं चित्रही उतरवलं भिंतीवरून. मरिया नऊवारीत कशी, म्हणाले.”

“मग त्यांची ती सोनेरी केसांची कुठली, नाझरेथची? माझे आजोबा नगरला येशूचं कीर्तन करायचे. कुणाचा धर्म बुडाला नाही.”

“म्हणून तर सांगते, शनिवारी माझ्या बेसमेंटमध्ये या. विंडसरहून आमोस बासरी घेऊन येतोय, त्यालाही तिथल्या चर्चने नकोच म्हटलंय. चित्रं भिंतीवर, आपण सतरंजीवर.”

“म्हणजे चर्च सोडायचं?”

“मुळीच नाही! रविवारी पहिल्या बाकावर बसायचं. पण काका, शनिवारी कमिटीच दारात येऊन उभी राहिली तर?”

“आत घ्यायची. चहा पाजायचा आणि हातात झांजा द्यायच्या. बघू, किती वेळ गप्प बसतात.”