टांग्यांचा जज्ज

हसणार असाल तर कप आधी खाली ठेवा गं, नाहीतर माझ्या चटईवर सांडाल.

आमचा बाळू तेव्हा पाच महिन्यांचा. अंधेरी स्टेशनवरून मरोळला घरी येताना टांग्याचा घोडा असा उधळला, की बाळूच्या टाळूला धक्का बसला असणार, ह्या काळजीनं माझं जेवणच सुटलं. त्यातच आमची घरमालकीण मारियाबाई म्हणाली, "माझा भाऊ सुट्टीवर आलाय. टोंगाचा जज्ज हाय तो." मी ऐकलं, टांग्यांचा. म्हटलं, देवच पावला!

बाळूला घेऊन थेट त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले. "साहेब, त्या टांगेवाल्याला शिक्षा करा. फाशी नको, पण टांगा बंद करा मेल्याचा."

मारियाबाई हसून हसून खुर्चीतून पडायची राहिली. "अगं, टांगा नाय, टोंगा! लांब समुद्रातलं बेटांचं राज्य. तिथं जज्ज परदेशातून नेतात, तसा हा गेलाय!"

मी लाजेनं अर्धी झाले. साहेब मात्र गंभीर. म्हणाले, "बाई, तिथं मी दुसऱ्याची रताळी खाणाऱ्या डुकरांचे खटले चालवतो. हाही चालवू. घोडा उधळला तेव्हा बाळ रडलं?"

"नाही, झोपलं होतं."

"टांगेवाला ओरडला?"

"नाही."

"मग ओरडलं कोण?"

"मी. समोरून मोटार आली ना!"

"आधी घोडा उधळला, की आधी तुम्ही ओरडलात?"

मी बाळूला खांद्यावर टाकलं आणि म्हटलं, "साहेब, फिर्याद मागं घेते."